सिंहगड ते तोरणा : कोंढाणा उंदराच्या मागावर पाच दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

कार्तिक अमावास्येला दोन दिवस उरले असताना आम्ही पाच जण पुण्याहून खडकवासल्याच्या रस्त्याने सिंहगडाकडे निघालो. हे दिवस मुद्दाम निवडले होते. चांदण्या रात्री उघड्यावर येणे उंदरांना महागात पडते, कारण घुबडाला ते दुरून दिसतात. त्यामुळे शुक्ल पक्षात ते झुडपांच्या आडोशाने वावरतात आणि पिंजऱ्यात फारसे येत नाहीत. अंधाऱ्या पक्षात त्यांचा वावर मोकळा होतो. आमच्या गटाच्या प्रमुख एक अनुभवी संशोधक बाई होत्या. त्यांचे दोन विद्यार्थी, वन्यजीवांची छायाचित्रे काढणारे एक स्नेही आणि कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणारी मी, असे बाकीचे. माझे काम पिंजरे वाहून नेण्याचे आणि नोंदवही लिहिण्याचे होते, आणि ते मी हौसेने मागून घेतले होते.

सिंहगडावर शनिवार-रविवारी पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खायला जाणाऱ्या पुणेकरांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते, की या गडाचे जुने नाव एका उंदराला मिळालेले आहे. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, काम करणाऱ्या मिश्रा आणि धांडा या दोघांनी १९७५ साली या गडाच्या माथ्यावरून एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला 'मिलार्डिया कोंडाना' असे नाव दिले. विषाणूंवर काम करणारी संस्था उंदरांच्या मागे का लागावी, असा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारतात. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडतापाची साथ आली, तेव्हा असे दिसले की ज्या गोचिडींमधून हा रोग पसरतो, त्यांची पिल्ले जंगलातल्या उंदरांच्या आणि चिचुंद्र्यांच्या अंगावर वाढतात. त्यामुळे कोणत्या जमिनीवर कोणता छोटा सस्तन प्राणी राहतो हे कळणे सार्वजनिक आरोग्यासाठी निकडीचे झाले. सिंधुदुर्गात २०१६ साली माकडतापाचे रुग्ण आढळले, तेव्हा हा जुना प्रश्न आपल्या दाराशी आला.

मिलार्डिया या प्रजातिनामातही (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) मुंबईचा इतिहास आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली. सोसायटीचे मानद चिटणीस वॉल्टर मिलार्ड तिच्यामागे होते आणि त्याच वर्षी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी मऊ केसांच्या या उंदरांच्या प्रजातीला त्यांचे नाव दिले.

गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीत एका मावशींच्या घरी आमची राहण्याची सोय होती. माउलींच्या संजीवन समाधीचा दिवस असल्यामुळे घरातले निम्मे लोक आळंदीला गेलेले होते. दुपारी जेवून, प्रत्येकी दहा पिंजरे पाठीवर घेऊन आम्ही पायवाटेने चढायला लागलो. हे शर्मन जातीचे, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, घडी होणारे पिंजरे आहेत. आत शिरलेल्या प्राण्याचा पाय पायफळीवर पडला की दार मिटते आणि प्राण्याला इजा होत नाही. आमिषासाठी शेंगदाण्याचे जाडसर कूट, भाजलेले खोबरे आणि थोडा सुका बोंबील मळून आणला होता. बोंबील मुख्यतः चिचुंद्रीसाठी. थंडीची रात्र असल्याने प्रत्येक पिंजऱ्यात मूठभर कापूसही घातला.

गडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि त्याचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटर भरते. या एवढ्या जागेत तळी, टाकी, समाध्या, बुरूज, दूरदर्शनचा मनोरा, खाद्यपदार्थांच्या झोपड्या आणि वाहनतळ आहेत, आणि उरलेल्या गवतात कोंढाणा उंदीर आहे. आम्ही पिंजऱ्यांच्या दोन ओळी लावल्या: एक वर्दळीच्या वाटेजवळ, तर दुसरी कल्याण दरवाज्याच्या बाजूच्या कमी तुडवल्या गेलेल्या गवतात. दोन पिंजऱ्यांमध्ये दहा मीटरांचे अंतर ठेवले आणि प्रत्येक जागी लाल फीत बांधली. अंधार पडल्यावर विजेऱ्यांच्या उजेडात उतरलो. मावशींनी चुलीवर नाचणीची भाकरी आणि घेवड्याची भाजी करून ठेवली होती.

दुसरा दिवस, शनिवार

पहाटे चारला निघालो. उशीर करून चालत नाही, त्याचे कारण चिचुंद्री आहे. ती उंदीर नव्हे. तिचे कुळ वेगळे, दात वेगळे, अन्न मुख्यतः किडे; आणि तिचा चयापचय इतका वेगवान असतो की काही तास पोटात अन्न गेले नाही तर ती पिंजऱ्यातच मरते. जो अभ्यास आपल्या अभ्यासविषयाला मारून पूर्ण होतो, तो टाळता येत असेल तर टाळलाच पाहिजे, असे बाईंनी चढताना विद्यार्थ्यांना बजावले, आणि मला ते मनापासून पटले.

वाटेजवळच्या ओळीत चार पिंजऱ्यांची दारे मिटलेली होती. एकात चिचुंद्री होती. तिचा उग्र वास दुरूनच आला, आणि ती जिवंत व चिडलेली आहे हे पाहून सगळ्यांना हायसे वाटले. तिचे वजन करून लगेच सोडली. उरलेल्या तिघांतही घरउंदीर होते, जे आपल्या माळ्यावर आणि धान्याच्या कोठीत असतात तेच. घरउंदीर ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याची शेपटी, जी डोके आणि धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षाही लांब असते. गडाच्या माथ्यावर तो स्वतःहून राहायला आला नाही. मक्याची कणसे, भजी, सांडलेला भात आणि पत्रावळी यांच्यामागून तो आला आणि जिथे उष्टे पडते तिथे टिकला. कोंढाणा उंदराला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत 'संकटग्रस्त' ठरवताना अधिवासाचा नाश, अतिचराई आणि पर्यटनाचा उपद्रव ही कारणे दिलेली आहेत. ती मी अनेकदा वाचली होती. पण वाटेपासून वीस पावलांवरच्या तीन पिंजऱ्यांत तीन घरउंदीर पाहिले, तेव्हा 'पर्यटनाचा उपद्रव' हे शब्द मला पहिल्यांदा डोळ्यांना दिसले. गवतावर जगणाऱ्या एका जातीच्या घरात उष्ट्यावर जगणारी दुसरी जात आपण पोसतो आहोत.

दुसऱ्या ओळीत दोनच पिंजरे मिटले होते आणि दोन्हींत काटेरी केसांचा छोटा उंदीर होता. पाठीवर उलटा हात फिरवला की ताठ केस बोटांना टोचतात. दख्खनच्या खडकाळ माळांवरचा हा जुना रहिवासी आहे आणि त्याची एक सवय मला फार आवडते: बिळाच्या तोंडाशी तो बारीक खडे आणून रचतो. आम्ही ज्या जागी तो पकडला, तिथून दोन हातांवर असा खड्यांचा ढीग असलेले बीळ सापडले. खडे साधारण हरभऱ्याएवढे, एकसारखे, जणू चाळून घेतलेले. छायाचित्रकार स्नेही तिथे तासभर आडवे पडून होते.

मापे घेण्याची रीत सांगण्यासारखी आहे. प्राण्याला पिंजऱ्यातून थेट कापडी पिशवीत घ्यायचे, पिशवीसकट काट्याला टांगून वजन करायचे आणि नंतर पिशवीचे वजन वजा करायचे. मग पिशवीच्या कापडातूनच मानेमागे हलकेच धरून शेपटी, मागचा पाय, कान आणि धड मोजायचे आणि तळव्यांवरच्या गाद्या मोजायच्या. या गाद्या किती आहेत आणि त्यांचा आकार कसा आहे यावरून जाती ओळखायला मोठी मदत होते. शेवटी पाठीवरचे थोडे केस ठरावीक जागी कातरून खूण करायची आणि जिथे पकडला तिथेच सोडायचा. दुसऱ्या रात्री पकडलेल्यांपैकी किती खूण केलेले निघतात, यावरून एकंदर संख्येचा अंदाज बांधता येतो. गणित साधे आहे, तरी त्याला एक अडचण आहे: काही उंदीर पिंजऱ्याला कायमचे बिचकतात, तर काही शेंगदाण्याच्या लोभाने रोज येऊन बसतात.

दिवसभर गडावर गर्दी होती. संध्याकाळी वाटेजवळची अर्धी ओळ उचलून ते पिंजरे कल्याण दरवाज्याकडे हलवले.

तिसरा दिवस, रविवार, अमावास्या

आजचा दिवस विसरता येणार नाही. दुसऱ्या ओळीत, एका ढासळत्या भिंतीच्या आडोशाला गुडघाभर गवतात ठेवलेला पिंजरा मिटलेला होता आणि उचलताना जड लागला. पिशवीत घेतलेला प्राणी घरउंदरासारखा लांबोडका नव्हता. डोळे मोठे, कान गोलसर आणि अंगावरचे केस इतके मऊ की सशाची आठवण व्हावी. कोणी काही बोलले नाही. बाईंनी मापे सांगितली आणि मी लिहून घेतली. त्यांनी ती दोनदा घेतली, मागच्या तळव्याची छायाचित्रे घेतली, परवानगीत नमूद केल्याप्रमाणे कानाच्या कडेचा अगदी बारीक तुकडा मद्यार्कात ठेवला आणि मग पिशवीचे तोंड गवताकडे करून मोकळे सोडले. तो काही क्षण थांबला, नाक हलवले आणि भिंतीच्या फटीत दिसेनासा झाला.

"हा कोंढाणाच ना?" एका विद्यार्थ्याने विचारले. बाई म्हणाल्या, "मापांवरून तसे वाटते. वाटणे नोंदवहीत लिहायचे नसते. मिलार्डिया एवढेच लिहा, जातीपुढे प्रश्नचिन्ह." मऊ केसांचा शेतउंदीर, म्हणजे 'मिलार्डिया मेल्टाडा', याच प्रजातीतला आहे, पायथ्याच्या शेतांत सर्वत्र आढळतो आणि दिसायला कोंढाण्याचा जवळचा भाऊ आहे. कोंढाणा आकाराने मोठा. पण पूर्ण वाढलेला मेल्टाडा आणि अर्धवट वाढलेला कोंढाणा यांच्यात गफलत होऊ शकते. खात्री संग्रहालयातल्या कवट्यांशी ताडून किंवा डीएनएवरूनच होते. मी प्रश्नचिन्ह लिहिले, आणि माझ्या वहीतल्या त्या प्रश्नचिन्हाचा मला अभिमान आहे.

उतरताना बराच वेळ बोलणे याच विषयावर झाले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, टाकलेले होते. ती अनुसूची २०२२च्या दुरुस्तीने गेली. तोवर साऱ्या जगात सह्याद्रीच्या दोन-तीन माथ्यांपुरता उरलेला प्राणी आणि गोदामातली पोती फोडणारा प्राणी कायद्याच्या एकाच शब्दात राहत होते. भाषेतही तसेच आहे. वाघासाठी, बिबट्यासाठी आपल्याकडे शब्द आहेत, गोष्टी आहेत. या जातीसाठी मात्र मराठीत वेगळा शब्दच नाही. गणपतीचे वाहन एवढी ओळख सगळ्या उंदरांना मिळून पुरवली जाते.

पायथ्याजवळच्या उतारावर गिरिपुष्पाची लागवड लागली. पुण्याच्या टेकड्यांवर हे झाड मोठ्या प्रमाणावर लावले गेले आहे. मूळचे ते मध्य अमेरिकेतले. तिथे त्याच्या बिया आणि साल उंदीर मारायला वापरत, आणि त्याच्या 'ग्लिरिसिडिया' या शास्त्रीय नावाचा अर्थही उंदीरमारी असाच होतो. मराठीतही काही जण त्याला उंदीरमारीच म्हणतात. ते लवकर वाढते, गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, म्हणून उघडी टेकडी झटपट हिरवी दिसते. पण त्याच्या दाट सावलीत कुसळीसारखे गवत वाढत नाही, आणि गवत नसले की त्याच्या बियांवर जगणारे सगळेच जातात. माळरान हे उजाड जंगल आहे असे समजून केलेल्या लागवडीने माळरानाची हानी होते, हे मी वर्गात सांगत आले आहे. आता त्यासाठी माझ्याकडे डोळ्यांनी पाहिलेले उदाहरण आहे.

चौथा दिवस, सोमवार

गड सोडून आज डोणज्याच्या बाजूच्या भातखाचरांत होतो. पहिल्या दिवसापासून बाईंच्या मनात एक प्रश्न होता आणि आजचा दिवस त्याच्यासाठी राखून ठेवलेला होता: गडाचा माथा हे बेट असेल, तर त्याच्याभोवतीचा समुद्र कशाचा आहे? कोंढाणा उंदीर पुढे तोरण्यासारख्या दुसऱ्या गडांवरही सापडला. म्हणजे कधीकाळी हे माथे एकमेकांना जोडणारी गवताळ, झुडपी जमीन असावी, किंवा अजूनही तिचे काही धागे शिल्लक असावेत. ते धागे माथ्यावर शोधून मिळणार नाहीत. ते उतारावरच्या कारवीत, ओढ्याच्या काठांवर आणि शेताच्या बांधांवर शोधावे लागतात.

भाताची कापणी उरकली होती आणि खळ्यावर झोडपणी चालली होती. खाचरांचे मालक असलेल्या काकांनी बांधावरची बिळे दाखवली. तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असलेली मोठी बिळे काळ्या उंदराची, म्हणजे लहान घुशीची. ती भाताच्या लोंब्या तोडून बिळात साठवते आणि शेतकऱ्याचे खरे नुकसान तीच करते. काकांच्या ओळखीचे, जवळच्या कातकरी वाडीतले एक आजोबा आमच्यासोबत आले होते. ते वाकून बिळाच्या तोंडाची माती चिमटीत घेऊन पाहत आणि बीळ जागते आहे की सोडलेले, ते सांगत. "ही माती रातची हाय. आन् ह्यो बारका भोक मऊ उंदराचा, त्यो घुशीच्या जवळ न्हाई ऱ्हात," असे त्यांनी एका ठिकाणी सांगितले. विद्यार्थ्यांनी तिथे पिंजरा ठेवला आणि संध्याकाळी अंधार पडून दोन तास होत नाहीत तोच त्यात मेल्टाडा होता. अशा ज्ञानाची दखल शास्त्राने पूर्वी घेतलेली आहे. 'मेल्टाडा' हे नाव ब्रिटिश अधिकारी वॉल्टर एलियट यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवलेल्या, वडारांच्या बोलीतल्या 'मेट्टाडे' या शब्दावरून आले आहे. माती खणणाऱ्या लोकांनी या प्राण्याला आधी ओळखले, लंडनने नंतर.

दुपारी एका जुन्या आंब्याखाली गव्हाणी घुबडाच्या ओकाऱ्या मिळाल्या. घुबड शिकार सगळीच गिळते आणि न पचलेली हाडे व केस गोळी करून बाहेर टाकते. ती गोळी पाण्यात भिजवून चिमट्याने उकलली की आत कवट्या आणि जबडे अख्खे मिळतात, आणि दाढांवरून जात सांगता येते. काकांच्या पडवीत बसून आम्ही सात गोळ्या उकलल्या. त्यांत घुशीचे, मेल्टाडाचे आणि छोट्या शेतउंदराचे जबडे होते, तसाच एका चिचुंद्रीचाही. तिचे दात टोकापर्यंत पांढरे असतात. काकांच्या सुनेने जबडे मोजले आणि ती म्हणाली, "हे एवढे सगळे आमच्याच शेतातले?" पुण्याच्या परिसरातल्या शृंगी घुबडांच्या आहारावर सतीश पांडे आणि नीलेश डहाणूकर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यासही शेतीसाठी या पक्ष्याचे मोल दाखवणारा आहे. घुबड घरावर बसले की अपशकुन मानण्याची रीत अजून आहे. ती मोडायची असेल तर उपदेशापेक्षा अशी एक गोळी पडवीत उकलून दाखवणे अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

काका विष ठेवत होते. त्यांनी ब्रोमाडायोलोनच्या वड्यांचे पाकीट आम्हाला दाखवले. हे औषध रक्त गोठू देत नाही आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. त्या दिवसांत तो सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि घुबडाला सहज सापडतो, आणि त्याच्या यकृतातले विष घुबडाच्या पोटात जाते. बाईंनी काकांना विष बंद करा असे म्हटले नाही. घुशीची जागती बिळे हेरून फक्त त्यांतच, खोलवर ठेवा, बांधावर पसरू नका, मेलेले उंदीर पुरून टाका आणि खाचरात घुबडाला बसायला एक-दोन मचाणकाठ्या रोवा, एवढेच त्यांनी सांगितले. काकांनी ते ऐकून घेतले, कारण नुकसान कोणाचे आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक आहे असे त्यांना दिसले. शाश्वत शेतीवरची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. ती या पडवीतल्या दहा मिनिटांसारखी असती तर बरे झाले असते.

संध्याकाळी बांधाबांधाने चालत निघालो. बाजूच्या काही जमिनी विकल्या गेल्या आहेत आणि तिथे बंगले उठले आहेत. घायपात आणि निवडुंगाच्या जुन्या कुंपणाच्या जागी सलग दगडी भिंत आहे, भिंतीच्या आत कातरलेली हिरवळ आहे आणि ती पाहायला सुंदर आहे. कुंपणाच्या मुळाशी कोरड्या पानांत वावरणाऱ्या प्राण्याला मात्र त्या भिंतीपाशी वाट संपते. अशी एक भिंत फार काही बिघडवत नाही. आम्ही ओढ्यापासून उतारापर्यंत चाललो, तेवढ्यात अकरा मोजल्या.

पाचवा दिवस, मंगळवार

पहाटे वेल्ह्याला पोचून तोरणा चढलो. आज पिंजरे नव्हते, फक्त अधिवासाची पाहणी होती. तोरणा १,४०० मीटरांहून थोडा उंच आहे; चढ दमवणारा, आणि शेवटचा कडा हातापायांनी चढायचा. चढताना दोन ठिकाणी काळे पट्टे लागले. नवे गवत चांगले फुटते या समजुतीने कोणीतरी गवताला काडी लावली होती. बिळातला उंदीर अशा आगीतून अनेकदा वाचतो, कारण माती काही बोटांखाली थंड राहते. पण वर आल्यावर त्याला बी नसते आणि लपायला आडोसाही नसतो. आगीने जे सोडले ते पुढच्या आठवड्यात शिकरा आणि घुबड नेतात. आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवायचे जाळपट्टे वेळेवर, डिसेंबराआधी तयार केले तर माथ्याचे गवत वाचू शकते, आणि हे काम वेल्ह्याच्या गावकऱ्यांच्या हातांशिवाय होणार नाही.

बिनी दरवाज्यातून आत जाऊन झुंजार माचीकडे गेलो. मंगळवार असल्यामुळे गडावर आमच्याशिवाय फक्त दोन गुराखी होते. माचीच्या आतल्या बाजूला, तटाच्या पायाशी गवत अजून उभे होते. त्यात आडव्या-तिडव्या बारीक वाटा पडलेल्या होत्या, जेमतेम दोन बोटे रुंद, आणि त्यांच्या कडेला कुरतडलेल्या काड्या एकाच मापाने तिरप्या कापलेल्या. आम्ही गुडघ्यांवर बसून त्या वाटांचा माग काढत तटापर्यंत गेलो. ईशान्येला, धुक्याच्या वर, सिंहगडाचा मनोरा स्पष्ट दिसत होता. मधल्या दरीत शेते, रस्ता, नवी छपरे आणि कारवीचे करडे उतार होते. बाईंनी तिथेच बसून नकाशावर पेन्सिलीने एक रेघ ओढली, जी शक्य तिथे ओढ्याच्या काठाने आणि बांधांनी जात होती, आणि जिथे तशी जागा नव्हती तिथे ती तुटक ठेवली. रेघेवर तुटक जागा सात होत्या.

मी नोंदवहीत लिहिले : तोरणा, झुंजार माची, सकाळी ९.४०. गवत गुडघाभर, न जळलेले. चराईच्या खुणा कमी. उष्टे, प्लास्टिक नाही. वाटा ताज्या. बिळे तीन, तिन्हींची माती रात्रीची.